गाडीला वळण लावताना

'वळण' हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते आणि मुलांना तर ते लावावेच लागते. अठरा वर्षे मी हा शब्द वर्गात फळ्यावर लिहून त्याच्या अर्थच्छटा सांगत आलो. परंतु स्वतःला वळण लावून घेण्याची पाळी माझ्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी आली, आणि तीही एका मोटारीच्या निमित्ताने.

या सदराच्या जुन्या वाचकांना आमची पांढरी चिमुकली गाडी ठाऊक आहे. नऊ वर्षे तिने आम्हाला निमूटपणे वाहिले. आमचे बिऱ्हाड चंद्रपुरात आणि कॉलेज गडचिरोली जिल्ह्यात. दर सोमवारी पहाटे जायचे आणि शनिवारी संध्याकाळी परतायचे, असा माझा क्रम. पुढे मुलगी उंच झाली, सासूबाईंचे गुडघे वाकेनासे झाले आणि सासुरवाडीच्या तांदळाच्या पोत्यांना डिकी पुरेना, तेव्हा गृहमंत्र्यांच्या संमतीने मी एक मोठी सेकंड-हँड गाडी घेतली. तिचे नाव सांगत नाही. सांगितले तर एक तर जाहिरात होईल, नाही तर बदनामी. आणि पुढे जे घडले त्यात गाडीचा दोष तिळभरही नव्हता. गाडी उंच, अंगापिंडाने पैलवान, डिझेलवर चालणारी. कागदोपत्री १४० अश्वशक्तीची. मराठीच्या अध्यापकाच्या दारात एकदम १४० घोडे बांधले गेले म्हटल्यावर त्याची चाल थोडी बदलली, तर त्याला कुणी हसू नये. स्टाफरूममध्ये मी दोन दिवस चावी बोटावर फिरवीत होतो, हे कबूल करतो.

पण घोडे किती यापेक्षा ते कुठे जुंपले आहेत हे पाहायला हवे होते. ते मी पाहिले नाही.

आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तोपर्यंत मोटार म्हटली की ती मागून ढकलली जाणारीच असे. अ‍ॅम्बॅसिडर तशी, पद्मिनी तशी, जंगल खात्याची जीप रस्त्यावर धावताना तशी आणि आपली लाल एसटीसुद्धा तशीच. इंजिन पुढे, त्याचा जोर पोटाखालच्या लांब दांड्यातून मागच्या चाकांना. मारुतीने हा संसार उलटा केला. तिची पुढचीच चाके वळतात आणि तीच गाडी ओढतात. बैलगाडी आणि भाजीवाल्याची हातगाडी यांत जो फरक, तोच हा. बैलगाडी पुढून ओढली जाते. बैल वळले की ती बापडी मागोमाग येते. हातगाडी मागून ढकलावी लागते. वळताना जोर जास्त झाला की तिचे मागचे अंग बाहेर पळते आणि टमाटे रस्त्यावर येतात. माझ्या पिढीतले बहुतेक पांढरपेशे लोक बैलगाडीवर हात बसवून मोठे झाले आहेत. वजनदार, ओझी वाहणाऱ्या आणि चढ चढणाऱ्या गाड्या मात्र अजूनही मागून ढकलल्या जातात. त्याला कारण आहे. जोर लावताना आणि चढावर गाडीचा भार मागे सरकतो, आणि भार असेल तिथे चाकाची पकड.

मी मात्र पांढऱ्या गाडीच्या सवयी जशाच्या तशा नव्या गाडीत घेऊन बसलो. नऊ वर्षांत मी एवढेच शिकलो होतो की वळणावर काही चुकले तर पाय उचलावा. पुढून ओढणाऱ्या गाडीत जोर जास्त झाला की तिचे तोंड वळायचे सोडून सरळ बाहेर निघते. पाय उचलला की ती बहुधा मुकाट्याने पुन्हा ओळीत येते. हा धडा इतका पक्का झाला होता की तो धडा आहे, हेही मी विसरलो होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ. गडचिरोलीहून आम्ही तिघे परतत होतो. वैनगंगेचा पूल मागे पडला, व्याहाड गेले, सावली गेली. सावली ते मूल हा सगळा टापू धानाचा. रोवणीचे दिवस होते. ज्यांनी झाडीपट्टीतली रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : या दिवसांत दोन्ही बाजूंच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, त्यांत लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर चिखलणी करीत असतात, आणि तेच ट्रॅक्टर संध्याकाळी घरी जाताना तो लोण्यासारखा चिखल डांबरावर सांडत जातात. त्यावर पावसाची भुरभुर झाली की रस्ता दिसतो रस्त्यासारखा आणि असतो ताटात सांडलेल्या तुपासारखा.

असाच एक ट्रॅक्टर पुढे रेंगाळत होता. त्याला मागे टाकावे म्हणून मी जोर दिला. या डिझेल गाड्यांचा एक स्वभाव असतो. पाय दाबला की क्षणभर काही घडत नाही. मग टर्बो जागा होतो आणि सगळे घोडे एकदम उधळतात. ट्रॅक्टर मागे पडेपर्यंत काटा ६० च्या आसपास गेला होता आणि उजवीकडचे वळण समोर येऊन उभे होते. मी चाक वळवले. घोडे नेमके तेव्हा पूर्ण जागे झाले. मागून कुणीतरी गाडीला खांदा द्यावा तशी ती मागच्या बाजूने डावीकडे सरकली. मी जे नऊ वर्षे केले तेच केले. पाय झटकन उचलला, आणि घाबरून ब्रेकही दाबला.

पुढचे दोन-तीन सेकंद मला अजून पुरते आठवतात. समोरची काच म्हणजे जणू पडदा, आणि त्यावरचे चित्र कुणी उजवीकडून डावीकडे ओढत होते. रस्ता गेला, बांधी आली, बांधीचा बांध आला; आणि बांधाच्या अलीकडे साइडपट्टीवरून रोवणी आटोपून घरी चाललेल्या दहा-बारा बायका, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. गाडी रस्त्यावर आडवी झाली, मागचे एक चाक साइडपट्टीच्या मऊ मुरमात रुतले आणि ती थांबली. त्या बायकांत आणि गाडीच्या मागच्या बंपरात पाच-सहा हातांचे अंतर उरले होते.

कुणी ओरडले नाही, शिवी दिली नाही. एक म्हातारी पुढे आली, काचेतून आत वाकून तिने आधी माझ्या मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाली, "सावकाश जा बापू. आमच्याबी घरी कोनी वाट पाहून रायलं हाये."

त्याच बायकांनी गाडीला खांदा देऊन तिला मुरमातून बाहेर काढले.

घरी येईपर्यंत सौभाग्यवती एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या, रडल्या असत्या, तर मला सोपे गेले असते. रात्री जेवण वाढताना फक्त एवढेच म्हणाल्या, "मी आणि पोर यापुढे एसटीने जाऊ. तुम्ही तुमच्या गाडीने या." त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर सासुरवाडीला जाण्याचा प्रसंग आला तेव्हा त्या दोघी चंद्रपूरच्या स्टँडवर एसटीत बसल्या आणि मी माझ्या रिकाम्या १४० घोड्यांसह त्या एसटीच्या मागून चाललो. मुलगी शेवटच्या बाकावरून मागच्या काचेतून मला हात हलवीत होती. मूलपर्यंत मी तिला उलट हात केला. पुढे मला ते जमेना.

या प्रकाराची बातमी आमच्या आळीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्या घरामागे एसटीतले एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. आयुष्य आलापल्ली, अहेरी, सिरोंचा, भामरागड या रस्त्यांवर गेलेले. पर्लकोटेला पूर आला की भामरागडकडची वाट बंद पडे, आणि अशा वेळी गाडी अलीकडच्या तीरावर उभी करून त्यांनी रात्री काढलेल्या आहेत. सगळी आळी त्यांना काकाजी म्हणते. ते एकदा कुंपणावरून म्हणाले, "सर, तुमी एसटीच्या मांगं मांगं गाडी चालवता म्हनते?"

मला वाटले, आता थट्टा होणार. ती झाली नाही. त्यांनी सगळी हकिकत विचारून घेतली. कोणता गिअर, किती वेग, पाय केव्हा उचलला, ब्रेक केव्हा लावला, डोळे कुठे होते. शेवटच्या प्रश्नाला मी अडखळलो. डोळे त्या बायकांवर होते.

"मंग गाडी बी तिकडंच जाईन ना सर," ते शांतपणे म्हणाले. "चूक चिखलाची नाई. तुमी वळनात शिरून मंग इचार करून रायले होते. वळनाचा इचार वळनाच्या आधीच संपला पायजे."

शिकवणी सुरू झाली ती पुढच्या रविवारी. शहराबाहेर एका ओळखीच्या गृहस्थांची बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा आहे. सपाट, मुरमाची, आजूबाजूला झाड नाही की माणूस नाही. घरातल्या चार बादल्या मी गुपचूप नेल्या होत्या. काकाजींनी त्या चौकोनात मांडल्या आणि त्यांच्याभोवती गोल फिरायला सांगितले. स्वतः ते मागच्या सीटवर जाऊन बसले. मी म्हटले, पुढे बसा, तुम्हाला माझे पाय दिसतील. तर म्हणाले, "पाय कायले पाहाचे? शेपूट मांगं बसल्यावरच कळते." एसटीच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला ड्रायव्हर कसा आहे ते सर्वांत आधी समजते, हे त्यांचे तीस वर्षांचे मत. जंगलातल्या गावांतून तालुक्याच्या दवाखान्याला जाणाऱ्या बाळंतीण बायकांना पुष्कळदा शेवटचेच बाक मिळे. त्यांनी हूं केले की काकाजी समजत, आपला पाय चुकला.

पहिल्या दिवशी ताशी पंधरा-वीसच्या वेगाने मी नुसता गोल फिरत होतो. मग ते म्हणाले, "आता रेस वाढवा." ओल्या मुरमावर मी पाय दाबला आणि तेच झाले, मागचे अंग बाहेर सटकले. माझा पाय आपोआप झटक्याने उचलला गेला, गाडीने मान खाली घातली, गिरकी घेतली आणि निळी बादली चेपली. पुन्हा केले. पुन्हा पाय उचलला. त्या सकाळी मी तीस-चाळीस वेळा तरी तीच चूक केली असेल. डोक्याला कळत होते आणि पायाला कळत नव्हते. पाठ केलेले उत्तर विद्यार्थी प्रश्न न वाचता लिहून मोकळा होतो तेव्हा मी वर्गात किती चिडतो! त्या दिवशी त्या विद्यार्थ्याची अडचण मला प्रथमच समजली.

ही चूक नेमकी का होते ते मी नंतर कागद-पेन्सिल घेऊन समजावून घेतले. भौतिकशास्त्राचे सहकारी मदतीला होतेच. प्रत्येक चाक जमिनीला टेकते ते सुमारे आपल्या पंजाएवढ्या जागेवर. एवढीशी ती जागा, आणि तिच्याकडे पकड मोजकीच असते. ती पकड मध्यमवर्गीयाच्या पगारासारखी आहे. त्याच पगारातून वळायचे, त्यातूनच जोर लावायचा आणि त्यातूनच ब्रेक. वळण्यावर सगळी खर्च झाली की जोर लावायला दिडकी उरत नाही. मागच्या चाकांवर वळणाचा खर्च चालू असताना मी वरून जोराचे बिल पाठवले, म्हणून ती घसरली. आणि मग पाय झटकन उचलून ब्रेक लावला म्हणजे काय केले, तर गाडीचा भार पुढे ढकलला. मागची चाके आधीच दिवाळखोर, त्यांच्यावरचे वजनही काढून घेतले. वजन गेले तशी उरलीसुरली पकडही गेली.

वेगाचा हिशेब तर आणखी निर्दय आहे. समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ४० किलोमीटरने गेलात तर गाडीला आत खेचून धरायला तिच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा जोर लागतो. ताशी ६० ने गेलात तर निम्म्याहून जास्त. वेग दीडपट, पण मागणी सव्वादोनपट, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. कोरड्या चांगल्या डांबरावर ती मागणी पुरी होते. ओल्या चिखलावर त्या संध्याकाळी ती पुरी होणे शक्यच नव्हते. टर्बोने उगीच घाई केली एवढेच. पुष्कळ नव्या गाड्यांत आता असे यंत्र असते की शेपूट सरकू लागताच ते एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावून गाडी सावरते. आमच्या जुन्या गाडीत ते नाही. आणि असते तरी नसलेली पकड यंत्राने तरी कुठून आणावी?

काकाजींना या वर्गमुळांशी कर्तव्य नव्हते. त्यांचे तीनच नियम होते, पण ते अंगात उतरायला सात रविवार लागले. पहिला : पाय उचलायचा नाही, ढिला करायचा. जोर एकदम काढून घेणे हा एकदम जोर देण्याइतकाच मोठा धक्का असतो. दुसरा : जिकडे जायचे तिकडे पाहायचे. झाडाकडे पाहिले की गाडी झाडाकडे जाते. त्यातले गूढ मला अजून उकललेले नाही, पण ते शंभर टक्के खरे आहे. तिसरा : शेपूट जिकडे, स्टिअरिंग तिकडे. मागचे अंग डावीकडे पळाले तर चाकही डावीकडे फिरवायचे. म्हणजे पुढची चाके रस्त्याच्याच दिशेला राहतात. हे ऐकायला सोपे आहे. करायला अवघड ते त्याच्या पुढचे : शेपूट परत येऊ लागली की तितक्याच तत्परतेने चाक सरळ करायचे. तिथे उशीर झाला तर ती दुप्पट जोराने दुसऱ्या बाजूला जाते. "पहिल्या झटक्यानं मानूस मरत नाई," काकाजी म्हणत, "दुसऱ्यानं मरते."

पाचव्या रविवारी ते घडले. कसे घडले ते मला सांगता येणार नाही. शेपूट हलली ती मला डोळ्यांनी दिसण्याआधी बसण्याच्या जागेतून कळली; जसे आगगाडीने रूळ बदलला की झोपेतही कळते. पाय दोन सुतांनी ढिला झाला होता, हात फिरून परतही आले होते, आणि मग माझ्या लक्षात आले की हे सगळे मी केले आहे. गाडी बादल्यांभोवती गोल फिरत होती, किंचित तिरकी, पण ओळीत. मागून आवाज आला, "हाव, आता बराबर."

त्यानंतरच्या रविवारी मी जरा बिघडलो, तेही सांगितले पाहिजे. शेपूट मुद्दाम बाहेर काढायची आणि सावरायची, यात एक विलक्षण मौज आहे. वेगाच्या शर्यतींत एके काळी ही कला फार वर गेली होती. अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फॅन्जिओ पाच वेळा जगज्जेता झाला तो याच जातीच्या, मागून ढकलल्या जाणाऱ्या गाड्यांवर. चारही चाके जरा जरा घसरत ठेवून, पायाने दिशा धरून तो वळणे घेई. १९५७ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या जंगलवाटांसारख्या त्या मार्गावर इंधनासाठी थांबल्यामुळे तो मागे पडला, आणि मग फेरीमागून फेरीला स्वतःचाच विक्रम मोडीत त्याने लाल मासेराटी पहिली आणली. तेव्हा त्याचे वय सेहेचाळीस होते. सेहेचाळीस! मला चव्वेचाळीस! हे गणित मनात चालू असल्यामुळे मी त्या दिवशी भट्टीवर मुरमाचे फवारे उडवीत होतो, आणि काकाजींनी मागून माझ्या खांद्यावर चापट मारली. शिष्याला मारावे तशी.

"हे मैदानातलं मैदानात सर. रोडवर शेपूट हलली म्हनजे तुमी नापास. सावरली तरी नापास."

मी गाडी थांबवली. त्या माणसाने तीस वर्षांत कुणाला एकही गिरकी मारून दाखवली नव्हती. त्याची सगळी विद्या ती कधीही वापरावी लागू नये यासाठी होती.

मग रस्त्यावरची शिकवणी. ती दिसायला अगदी नीरस. वळणाच्या आधी, रस्ता सरळ असतानाच ब्रेक. तिथेच गिअर खाली. वळणात पाय अगदी हलका आणि स्थिर, म्हणजे भार ना पुढे ना मागे. आणि वळण उघडून पलीकडचा रस्ता दिसला की मगच जोर, तोही चाक जितके सरळ होत जाईल तितका. कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट लागतो, तिथे त्यांनी मला उतारावर गिअर कसा टाकायचा ते शिकवले. निसरड्या उतारावर गिअर धसकन खाली आणून क्लच सोडला, तर इंजिन मागच्या चाकांना ओढून धरते आणि ब्रेक न लावताही शेपूट सुटते. क्लच सोडण्यापूर्वी थोडी रेस देऊन इंजिनाचा वेग चाकांशी जुळवून घ्यायचा. वाक्यातला कर्ता आणि क्रियापद जुळवावे तसे. हे उदाहरण माझे. काकाजींचे उदाहरण बैलजोडीचे होते आणि ते जास्त चांगले होते.

गाडी उंच असल्याचीही एक धास्ती त्यांनी मनात घातली. सरकलेली बुटकी गाडी सरकत राहते. उंच गाडीचे सरकते चाक साइडपट्टीच्या काठावर किंवा मऊ मुरमात अडखळले, तर ती उलटू शकते. जुलैतल्या त्या संध्याकाळी आमचे चाक मुरमातच रुतले होते. हे त्यांनी सांगितले तेव्हा मी काही वेळ गाडी चालवू शकलो नाही.

आमच्या या दोन जिल्ह्यांत रस्ता म्हणजे बाराही महिने बदलणारे पंचांग आहे, हेही मी त्याच काळात शिकलो. मार्चच्या सुमारास सागाची पाने गळतात, ताटाएवढी. पहाटेच्या दवाने ओली झालेली ती पाने एकावर एक पडली की डांबरावर चटई अंथरल्यासारखी सरकतात. त्याच सुमारास पहाटे मोहफुले वेचायला माणसे रस्त्याकाठी वाकलेली असतात. जूनच्या पहिल्या सरीने वर्षभराचे तेल आणि धूळ वर येते. रोवणीचा चिखल सांगितलाच. आष्टी-आलापल्लीकडे गेल्या काही वर्षांत सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावू लागले, तेव्हापासून तिथला लाल गाळ वेगळाच. आणि दिवाळीनंतर धान निघाले की शेतकरी ते वाळवायला रस्त्यावर पसरतात. चाकाखाली ते दाणे मण्यांसारखे फिरतात. मूल ओलांडून चिचपल्लीच्या जंगलात शिरल्यावर तर वळणापलीकडे काय असेल याचा नेम नाही. चितळांचा कळप असेल, रानडुकरे असतील, एखादे वेळी त्याहून मोठे कुणीतरी असेल. नुसता वेग कमी ठेवा म्हणून सांगणाऱ्या पाट्या पुष्कळ आहेत. पण वेग कशासाठी कमी ठेवायचा, तर वळणात शिरल्यावर पकडीची थोडी शिल्लक हाताशी असावी म्हणून, हे मला कुठल्या पाटीने सांगितले नव्हते.

घरात मात्र बहिष्कार चालूच होता. बादल्यांचा तपास लागला होता. निळ्या बादलीबद्दल विचारणा झाली आणि मी खरे ते सांगितले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या रविवारी त्यांनी एक जुना पत्र्याचा डबा आपणहून दारात आणून ठेवला. "बादली नेऊ नका. हा न्या." मी त्याला तहाची पहिली अट समजलो.

पुढल्या वर्षीची दिवाळी आली. भाऊबीजेला त्यांच्या भावाकडे वडसा भागात जायचे होते. एसटीच्या वेळा पाहणे चालू होते तेव्हा काकाजी कुंपणापाशी आले. "वैनी, सरच्या गाडीत बसाले आता हरकत नाई. पन मांगं बसा." त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "मागेच बसेन."

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. बैलांच्या शर्यती आटोपल्या की त्याच गावात तंबू उभा राहतो, आणि वडशाच्या नाट्य कंपन्यांचे गाणे-नाटक पहाटेपर्यंत चालते. आम्हीही तो नाटकाचा आनंद पुरेपूर घेतला. पहाटे दोन तास डोळा लावून मी गाडी काढली, कारण दुपारी कॉलेजच्या कामासाठी चंद्रपुरात हजर राहणे भाग होते. मायलेकी मागे बसल्या. आरमोरी गेले तोवर त्यांच्यात नाटकातल्या खलनायकाबद्दल वाद चालू होता. गडचिरोलीला चहा झाला. वैनगंगेच्या पुलावर आलो तेव्हा मागे शांत झाले होते.

सावली सोडली. बांध्यांवर धुके होते, आणि त्या धुक्यात अर्धे धान कापलेले, अर्धे उभे. ते वळण मला दुरून ओळखू आले. वर्षभर दर सोमवारी आणि शनिवारी मी त्याला ओळख देत आलो आहे. अलीकडेच ब्रेक लावला, गिअर खाली घेतला. रस्त्याच्या अर्ध्या भागावर कुणीतरी धान पसरले होते आणि त्याच्या कडेने विळे घेऊन बायका कापणीला चालल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणी वळूनही पाहिले नाही. मी उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून सावकाश गाडी काढली. पलीकडचा रस्ता दिसला तेव्हा पाय हळूच दाबला.

आरशात पाहिले. मुलीचे डोके आईच्या खांद्यावर होते आणि आईचे काचेवर. थोड्या वेळाने काचेवरचे डोके हलले.

"मूल आले का?"

"नाही अजून," मी म्हणालो. "झोप तू."